एकनिष्ठा कुणाशी?



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय 9, श्लोक 29.

भगवंत इथे सांगतात की मी सगळ्यांना सारखाच. कुणी माझा नावडता नाही, कुणी लाडका नाही. आणि तेच भगवंत तेराव्या अध्यायात, ज्ञानाची लक्षणं सांगताना, कुठेही न ढळणारी अनन्य भक्ती मागतात. म्हणजे देवाने सगळ्यांना समान बघायचं आणि भक्ताने मात्र एकालाच धरून राहायचं. हे कोडं बरीच वर्षं मी नुसतं वाचत होतो. ते अंगावर आलं ते रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबामुळे.

श्रींची पालखी पंढरपूरहून परतते तेव्हा खामगाव ते शेगाव हजारो लोक पायी चालतात. मीही पुण्याहून सुट्टी काढून जातो. मागच्या वेळी पहाटे शहराची हद्द संपली, दिवे मागे राहिले आणि एक काका म्हणाले, "चला, सरले खांबं. आता मोबाईलची बत्ती लावा बाप्पा." सगळे हसले. मला मात्र हसू येईना.

सात-आठ वर्षांपूर्वी मी एका छोट्या कंपनीत होतो. पथदिवे लांबून चालू-बंद करायची सिस्टिम आम्ही बनवायचो. एका नगरपालिकेला (आपल्या जिल्ह्यातली नव्हे) नवे खांब घ्यायचे होते. साहेब म्हणाले, "एक टेक्निकल नोट लिहून दे, की हे फक्त आपल्याकडेच मिळतं." तसा दाखला फाइलला लागला की निविदा काढायची गरज उरत नाही. दाखल्यावर सही नगरपालिकेची, पण शब्द माझे.

आता सांगा, खांबात एकमेव असं काय असतं? जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड, बुडाशी प्लेट, चार बोल्ट, वर दिव्याचा हात. असे खांब बनवणारे कारखाने देशात कितीतरी आहेत. पण आमचा कंट्रोलर खांबाच्या आतल्या कप्प्यात बसायचा आणि कप्प्याचं माप आमचं होतं. मी लिहिलं, कंट्रोलर याच मापात बसतो. खरं होतं. हे माप दुसरं कुणी देत नाही. तेही खरं. पण हाच कंट्रोलर बाहेर लावलेल्या साध्या पेटीतही चालतो, हे मी लिहिलं नाही.

नरो वा कुंजरो वा! धर्मराजही तांत्रिकदृष्ट्या खरंच बोलला होता. तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या दिवशी खाली टेकला. माझा रथ काही वर नव्हताच. मला तर त्या महिन्यात शाबासकी मिळाली.

मग एकाकडूनच घेणं हे नेहमीच पाप का? नाही. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम 166 मध्ये, याला जागा आहे: वस्तू खरोखर एकच जण बनवत असेल, तातडीची गरज असेल, किंवा आधीच्या यंत्राला जुळणारा भागच हवा असेल. सर्वोच्च न्यायालयानेही 2006 मध्ये मेरठ नगर निगमच्या खटल्यात हेच सांगितलं, की सरकारी कंत्राटं जाहीरपणे द्यावीत आणि अपवाद अपवादच राहावा.

ईईएसएल या सरकारी कंपनीचं उदाहरण घ्या. देशातल्या अनेक शहरांनी पथदिवे एलईडी करायचं काम निविदा न काढता तिला दिलं. पण ती स्वतः मोठ्या निविदा काढून माल घ्यायची. घरगुती एलईडी बल्ब तिला 2014 च्या सुरुवातीला 310 रुपयांना पडत होता, तो 2017 पर्यंत 38 रुपयांवर आला. मोठी ऑर्डर आणि स्पर्धा, दोन्हींचा हा परिणाम. आमच्या खांबाचा खरा भाव किती असता? कुणालाच कळणार नाही, कारण विचारलंच नाही. मला सगळ्यात जास्त तेच टोचतं.

कोड्याचं उत्तर मला त्या अंधाऱ्या रस्त्यावर असं मिळालं. भक्तीत मी देतो ते माझं असतं: माझा वेळ, माझं मन. ते एकालाच द्यावं, भाव न विचारता द्यावं. पण खांबाचे पैसे माझे नव्हते, साहेबांचे नव्हते, सही करणाऱ्याचेही नव्हते. कुण्या भाजीवाल्या मावशीची घरपट्टी होती ती. दुसऱ्याचं हातात आलं की तिथे भक्ताची एकनिष्ठा चालत नाही, देवाची समदृष्टी लागते. मी नेमकं उलटं केलं. देवासमोर मन दहा ठिकाणी आणि लोकांच्या पैशासमोर एकनिष्ठ!

आपल्या शेगावात शिवशंकरभाऊ पाटलांनी संस्थानचा कारभार कसा सांभाळला, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. 2021 मध्ये भाऊ गेले. विश्वस्त या शब्दाचा अर्थ मला शब्दकोशापेक्षा त्यांच्याकडे बघून जास्त कळला. जे हातात आहे ते माझं नाही, एवढंच ध्यानात ठेवायचं.

मागच्या महिन्यात नव्या ऑफिसात पुन्हा तसंच काम आलं. स्पेसिफिकेशनमध्ये मी आमच्या मॉडेलपुढे "किंवा समतुल्य" हे दोन शब्द लिहिले आणि कुठल्या चाचणीत पास झालं म्हणजे समतुल्य, तेही लिहिलं. मॅनेजर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. अप्रेझल पुढच्या महिन्यात आहे, बघू. जुनी नोट मात्र त्या फाइलमध्ये तशीच आहे. ती दोन शब्दांनी फिटत नाही, हेही कळतंय.

आजचा संकल्प: "दुसरा पर्यायच नाही" असं लिहिण्याआधी स्वतःला विचारा, मी खरंच शोधला का?

जय गजानन!