आपणही बेघर होतो

शास्त्रपाठ : अनुवाद २६:१-११, लूक १८:९-१४



नाताळचे दिवस आले म्हणजे आपल्या घरांना रंग लागतो, दारात तारा टांगला जातो, करंज्यांचे डबे भरतात आणि उपासनेत उपकारस्तुतीची प्रार्थना होते. देवाने वर्षभर सांभाळले, अन्नवस्त्र दिले, डोक्यावर छप्पर दिले, म्हणून आपण त्याचे आभार मानतो. हे योग्यच आहे. परंतु आभार कसे मानावेत हेही पवित्र शास्त्र आपल्याला शिकविते. तो धडा आज पाहू या.

इस्राएल लोक वचनदत्त देशात वस्ती करून पीक घेतील, तेव्हा पहिल्या उपजाची टोपली घेऊन त्यांनी परमेश्वरापुढे यावे, अशी आज्ञा होती. टोपली याजकाच्या हाती दिल्यावर त्या शेतकऱ्याने काय बोलावयाचे? माझे शेत चांगले पिकले, असे नव्हे. आपला पूर्वज घरदार नसलेला, भटकणारा अरामी होता. मिसर देशात तो उपरा म्हणून राहिला. तेथे आपल्या लोकांचे हाल झाले आणि परमेश्वराने त्यांना बाहेर काढले, ही हकिगत त्याने सांगावयाची. आता त्याला घर आहे, शेत आहे. तरी त्याच्या उपकारस्तुतीचे पहिले वाक्य बेघरपणाचे आहे! आणि शेवटी अकराव्या वचनात आज्ञा येते की, हा आनंद एकट्याने नव्हे, तर लेवी आणि तुझ्यामध्ये राहणारा उपरा यांच्यासह कर. ज्याला आपले जुने दिवस आठवतात, त्याच्याच पंक्तीला उपऱ्याला जागा मिळते.

आता दुसरा पाठ पाहा. मंदिरातल्या परूश्याची प्रार्थनाही आभारानेच सुरू होते. परंतु तो जकातदाराकडे बोट दाखवून आभार मानतो. थंडीच्या रात्री पदपथावर निजलेले कुटुंब पाहून आपणही पुष्कळदा म्हणतो, "देवाची कृपा, आपल्यावर ही वेळ आली नाही." हे बोलणे भक्तीचे वाटते. पण घर मिळाले ही जर देवाची कृपा, तर पदपथावर निजणाऱ्याला देवाने कृपेतून वगळले, असे म्हणावयाचे काय? ज्याचा पुत्र जन्मला तेव्हा त्याला उतारशाळेत जागा नव्हती, त्या देवासमोर असे म्हणण्याचे धाडस कोण करील? प्रभूने तर पुढेही सांगितले की, खोकडांना बिळे आहेत, पाखरांना घरटी आहेत, पण मला डोके टेकावयास ठिकाण नाही. बेघर माणसाकडे बोट दाखविताना आपण कोणाकडे बोट दाखवितो, याचा विचार करावा.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. ही माणसे आपल्या नजरेआड असावीत, अशीच पुष्कळांची इच्छा असते. जानेवारी २०२१ मध्ये, ऐन थंडीत, इंदूरमध्ये काही निराधार वृद्धांना नगरपालिकेच्या गाडीत घालून शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ रस्त्यावर उतरविण्यात आले. स्वच्छतेत देशात पहिले आलेल्या शहरातली ही गोष्ट. गावच्या लोकांनी ते पाहिले, हरकत घेतली, आणि त्या वृद्धांना परत गाडीत बसवावे लागले. पुढे संबंधितांवर कारवाईही झाली. त्या गावकऱ्यांनी मोठे काही केले नाही. त्यांनी पाहिले आणि ते गप्प बसले नाहीत, एवढेच.

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्याला ठाऊक आहे. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या हालात गेल्यावर रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भटकत राहिले. उत्तरेच्या थंडीत पांघरूण नसल्यामुळे नदीकाठी खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. पुढे रमाबाई प्रभूच्या झाल्या, नावारूपास आल्या. पण ती वाळू त्या विसरल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुलींना आश्रय दिला. केडगावची मुक्ती ही त्या आठवणीतून उभी राहिली. हीच खरी उपकारस्तुती.

कोणी म्हणेल, आम्ही कधी बेघर नव्हतो. बंधूंनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आपल्यापैकी कित्येकांचे पणजोबा किंवा पणजी दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. कित्येकांचे आजोबा पोटासाठी इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे आले, तेव्हा पहिली रात्र त्यांनी कोणाच्या तरी ओसरीवर काढली. आणि कृपेच्या दृष्टीने तर आपण सर्वच परके होतो. ख्रिस्ताने आपल्याला देवाच्या घरचे केले.

मग करावे काय? नाताळच्या आदल्या रात्री आपण ब्लँकेटे वाटतो, हे चांगले आहे. परंतु इंदूर-ग्वाल्हेरकडची कडाक्याची थंडी जानेवारीत असते, आणि तेव्हा आपला तारा उतरलेला असतो. म्हणून तीन गोष्टी सुचवितो. शहरी बेघरांसाठी २०१३ साली निघालेल्या सरकारी योजनेत, दर एक लाख वस्तीमागे निदान १०० माणसांचा निवारा असावा, असे ठरले होते. आपल्या शहरातला रैनबसेरा कोठे आहे, रात्री उघडा असतो काय, स्त्रियांना तेथे जागा आहे काय, हे तरुण संघाने प्रत्यक्ष जाऊन पाहावे. दुसरे, ज्याला पांघरूण द्यावयाचे त्याचे नाव विचारावे, दोन शब्द बोलावे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे. तिसरे, मंडळीचा हॉल थंडीच्या रात्री कुलूप लावून रिकामा असतो. त्याचे काय करता येईल, हा विषय कमिटीने एकदा प्रार्थनापूर्वक आपल्यापुढे ठेवावा. अडचणी येतील. सतरंज्या मळतील, पहारा लागेल. पण उतारशाळेच्या मालकाकडेही अशीच काही कारणे असतील.

या नाताळात टोपली घेऊन देवापुढे जाताना आपले पहिले वाक्य विसरू नका. ज्याने आपल्याला घरात घेतले, तो प्रभू आपली दारे व आपली मने उघडो. आमेन.