कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्या भाचीस

केज

चि. ताईस,

कायदेसुधारणेच्या कामात संशोधन साहाय्यक म्हणून तू रुजू झालीस, घरात सगळ्यांना आनंद झाला. काळा कोट नाही, कोर्टात उभं राहणं नाही, मग ही कसली वकिली, असं तुझी आई विचारत होती. मी तिला सांगितलं, आम्ही केजच्या कोर्टात आहे त्या कायद्यावर भांडतो. कायदाच तोकडा असला की आमचा इलाज चालत नाही. तिथं ताईचं काम सुरू होतं.

स्थलांतरित मजुरांचा विषय तुझ्याकडे आलाय, म्हणून चार गोष्टी सांगतो.

कोणताही कायदा हाती घेतलास की त्याच्या बाहेर कोण राहिलं ते आधी बघ. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता होता. आपल्या बीडकडचं जोडपं ऊसतोडीला कर्नाटकात गेलं तर तो लागू होऊ शकायचा, सांगली-कोल्हापूरला गेलं तर नाही. आगाऊ घेतलेली उचल तीच, राहायची कोपी तीच, पहाटे उसाच्या फडात उतरणंही तेच. २०२० च्या संहितेत हा कायदा सामावून घेतला, पण आंतरराज्य ही अट सुटली नाही.

मग मजूर जमवणाऱ्या मुकादमाची वही बघ. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्यापुढं बहुतेक वेळा एकच नाव, नवऱ्याचं. उचल त्याच्या नावावर, गैरहजेरीच्या खाड्याची कपात त्याच्या हिशेबात. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरणारी बाई त्या पानावर नसते. उद्या तिला प्रसूतीचा लाभ किंवा अपघाताची भरपाई मागायची झाली, तर आपण कामगार आहोत हे ती कशावरून दाखवणार? साखर कारखाना वाहतूकदाराकडं बोट दाखवतो, वाहतूकदार मुकादमाकडं. मुकादमही पुष्कळदा आपल्याच गावचा आणि बुडालेल्या उचलीनं कर्जात अडकलेला असतो. त्याला खलनायक करून अहवाल उरकू नकोस. जबाबदार मालक कोण, हे मसुद्यात स्पष्ट लिहिलं जाईल असं बघ.

उपाय सुचवताना आपल्याच राज्याचा अनुभव धुंडाळ. हमालांना रोज नवा मालक, म्हणून १९६९ च्या माथाडी कायद्यानं मंडळं उभी केली. मालक आणि कामगार दोघांचीही तिथं नोंद होते. मजुरी मंडळामार्फत मिळते आणि मालकाला वर लेव्ही भरावी लागते. रोजगार हमीचा कायदाही महाराष्ट्रानं १९७७ मध्ये केला, देशाचा त्यानंतर २००५ मध्ये आला. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, पण त्यांची मजुरी माथाडींसारखी मंडळामार्फत देण्याची सक्ती नाही. ती शक्य आहे का, अडचणी कोणत्या, खर्च कुणी सोसायचा, हे तपासणं तुझं काम. तुझ्या मताविरुद्ध जाणारा पुरावा मिळाला तर तोही अहवालात ठेव.

मोजदादीचा कंटाळा करू नकोस. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा गावोगाव होती. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं अहवाल दिला. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. चर्चा झटकून टाकता येते, आकड्याला उत्तर द्यावं लागतं. मात्र आकड्यामागच्या बाईचं नाव-गाव बाहेर पडू देऊ नकोस. तिला पुन्हा त्याच टोळीत जायचं असतं.

अभ्यासानं कायदा हलत नाही, असं कुणी म्हणालं तर १९७९ सालचं ते खुलं पत्र आठव. मथुरा बलात्कार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडलं, तेव्हा उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्यातून देशभर चळवळ उठली आणि १९८३ मध्ये कोठडीतल्या बलात्काराबाबतचा कायदा बदलला. त्या पत्राचं बळ निकालपत्राच्या बारीक वाचनात होतं. तूही मूळ कायदा, दुरुस्त्या, नियम आणि शासन निर्णय स्वतः वाच. दुसऱ्याच्या टिपणावर विसंबू नकोस.

शेवटची गोष्ट तुझ्या वरिष्ठांनाही सांग. केंद्राच्या २०१४ च्या धोरणाप्रमाणे विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढं ठेवायचा असतो. ते दिवस डिसेंबरात, ऐन ऊसतोडीत आले तर इथल्या वस्त्यांत म्हातारीकोतारी आणि लेकरंच सापडतील. मसुदा सोप्या मराठीत काढा आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावर, पाडव्याच्या सुमारास, इथं आणून वाचा. नाहीतर थेट फडावर जा. ज्यांच्यासाठी कायदा करताय त्या बायकांनी ऐकून मान डोलावल्याशिवाय तो अहवाल पुढं पाठवू नका.

तुझा,
मामा