मत : साक्ष की पैज?

निवडणूक जवळ आली की देवळाच्या अग्रशाळेत, बाजारात, कचेरीच्या ओट्यावर एकच प्रश्न ऐकू येतो : 'जोर कोणाचा?' लायक कोण, हा प्रश्न त्यामागून येतो. पुष्कळदा येतच नाही. 'माणूस चांगला आहे हो, पण निवडून यायचा नाही. मत वाया कशाला घालवा?' हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्यात काही नैतिक प्रश्न दडला असेल अशी शंकाही बोलणाऱ्यास येत नाही. आम्हांस तो प्रश्न विचारार्ह वाटतो.

मल्लाचे बल त्याच्या दंडात असते. पक्षाचे बल मतदारांच्या समजुतीत. शेजारी त्याला मत देणार असे वाटते, म्हणून तो बलवान. आणि तो बलवान दिसतो, म्हणून शेजारी मत देतो. ही समजूत किती फसवी असते, हे गोमंतकाने दोनदा पाहिले आहे. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेस हा दिल्लीत सत्तेवर असलेला, नेहरूंचा पक्ष. तरीही गोव्याच्या २८ जागांपैकी एकही त्यास मिळाली नाही. मिळाली ती दमणची एक. त्याच वर्षी जन्मलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. पुढे १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० व विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. ज्या मागणीसाठी पक्ष निघाला, तीच लोकांनी नाकारली. त्या दिवशी त्याचे बल संपले असे जो म्हणाला असेल, त्यास मार्चमध्येच आपले शब्द मागे घ्यावे लागले. त्या निवडणुकीनंतर भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

यावर कोणी म्हणेल, दोन अयोग्यांत कमी अयोग्य तरी निवडून यावा, म्हणून बलाबल पाहणे हा व्यवहारच नव्हे काय? आक्षेप निराधार नाही. ज्याचा पराजय आवश्यक वाटतो, त्यास हरवू शकेल अशास मत देणे हाही विवेकच होय. परंतु बल विचारात घेणे वेगळे, आणि बल हेच कारण मानणे वेगळे. पहिल्यात निर्णय आपला असतो. दुसऱ्यात तो आपण गर्दीच्या स्वाधीन केलेला असतो.

न्यायालयात साक्षीदार 'सगळे असे म्हणतात' असे सांगू लागला, तर न्यायाधीश त्यास थांबवितात. ऐकीव गोष्ट हा पुरावा नव्हे. तू स्वतः काय पाहिलेस, एवढेच सांग! मतदारही साक्षीदारच आहे. जिंकणाऱ्या घोड्यावर पैज लावण्यासाठी त्यास मतपत्रिका दिलेली नाही. आणि मोजणीत वैध व अवैध मते असतात; 'वाया गेलेले' असा प्रकार कायद्यास ठाऊक नाही. पराभूत उमेदवाराचीही मते मोजली जातात, आणि एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक भरली तर त्याची अनामत रक्कम परत मिळते.

आपण देवाला कौल लावतो तेव्हा शेजाऱ्यास कोणता प्रसाद झाला, हे विचारून आपला ठरवीत नाही. आपले गाऱ्हाणे आपणच घालतो, आणि पाकळी उजवी पडो वा डावी, तो कौल शिरसावंद्य मानतो. मतदानाच्या खोलीतही मनुष्य एकटाच असतो. तेथे 'जोर कोणाचा' हे त्याने बाहेरच ठेवावे, आणि 'योग्य कोण' एवढेच आपल्या मनास विचारावे, असे आम्हांस वाटते.