भीतीचे वाटेकरी

दुःखाच्या बाबतींत पहिला मान दुखणाइताचा, हें आपल्या समाजांत निर्विवाद मानलें जातें, व तें योग्यहि आहे. परंतु या न्याय्य नियमांतून एक अन्याय्य अनुमान काढण्यांत येतें. तें असें कीं, उशाशीं बसलेल्या जोडीदारास स्वतःचें असें दुःख नसतेंच, आणि असलें तरी तें त्यानें दाबून टाकावें. पतीच्या किंवा पत्नीच्या शरीरांत एकदां बरा झालेला कर्करोग पुन्हां उद्भवला असावा असा संशय येतो, तेव्हां या अनुमानाची खरी परीक्षा होते. अशा वेळीं जोडीदारानें आपली भीति गिळून हंसतमुखानें वावरावें, कीं ती कोणापाशीं तरी मोकळी करावी? आणि मोकळी केल्यास ती रुग्णाशीं प्रतारणा ठरते काय?

हा विषय आम्हीं केवळ वादाच्या हौसेनें निवडलेला नाहीं. आमच्या पत्नीच्या स्तनांतील गांठ काढून, पुढचे सर्व उपचार पुरे होऊन पांच वर्षें लोटलीं. आणि आतां नेहमींच्या तपासणींत फुफ्फुसावर एक ठिपका दिसला आहे. हा लेख लिहीपर्यंत त्याचें निदान झालेलें नाहीं.

पहिला आजार कितीहि भयंकर असला तरी त्याला एक आकार असतो. रोगाचें नांव कळतें, शस्त्रक्रियेचा दिवस ठरतो, आणि सारें घर कामाला लागतें. रोग उलटल्याच्या संशयास असा आकार नसतो. मोठ्या आंतड्याचा कर्करोग उलटायचाच असेल तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत उलटतो. परंतु स्तनाच्या कर्करोगाचे कांहीं प्रकार दहा-पंधरा वर्षांनींहि डोकें वर काढतात. म्हणून 'पांच वर्षें निभावलीं, आतां भय नाहीं' हें वाक्य कितीहि गोड वाटलें तरी सर्वांस लागू पडत नाहीं. उलटपक्षीं, दिसलेला प्रत्येक ठिपका कर्करोगाचाच असतो असेंहि नाहीं. जुना व्रण, किरणोपचारामागून आलेला फुफ्फुसाचा दाह, आणि आपल्या देशांत तर क्षयाची गांठ, हींहि पेट स्कॅनमध्यें कर्करोगासारखीं उजळून दिसूं शकतात. पुष्कळदां सुईनें लहानसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा लागतो. कधीं ठिपका इतका बारीक असतो कीं, कांहीं महिने थांबून पुन्हां स्कॅन करा, एवढेंच डॉक्टर सांगतात. या मधल्या दिवसांत दूधवाल्याचा हिशेब करावयाचा असतो, मुलांच्या परीक्षा असतात, आणि कोणी 'काय, कसें काय?' म्हणून विचारल्यास उत्तरहि द्यावयाचें असतें.

आपल्या परंपरेंत या अवस्थेचें सर्वपरिचित उदाहरण म्हणजे सावित्री. सत्यवानाचें आयुष्य एकच वर्ष उरलें आहे, असें नारदानें सांगितलें असतांहि तिनें त्याला वरिलें, आणि सासरीं तें गुपित वर्षभर ती एकटी वागवीत राहिली. सत्यवानास त्याचा मागमूसहि नव्हता. ज्येष्ठ पौर्णिमेस वडाला सूत गुंडाळतांना तिच्या निष्ठेचें स्मरण होतें, आणि त्या निष्ठेबरोबर तिचें मौनहि आदर्श म्हणून आपल्या गळीं उतरतें. परंतु वनपर्वांतील ती कथा नीट पाहिली तर दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली ही कीं, सावित्रीला दिवस ठाऊक होता. तो जवळ येतांच तिनें तीन रात्रींचें व्रत धरून सारें बळ एकवटलें. संशयाने ग्रासलेल्या माणसास असा दिवस कोणी नेमून देत नाहीं. तीन दिवसांचा उपवास करतां येतो, दहा वर्षांचा करतां येत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, सावित्री तरली ती मौनानें नव्हे. यमामागून चालतांना सात पावलांच्या मैत्रीचा हक्क सांगून ती त्याच्याशीं बोलूं लागली, व बोलतच राहिली. आणि आश्रमांत परतल्यावर ऋषींनीं विचारतांच तिनें सर्व हकीकत सांगून टाकली.

यावर कोणी म्हणेल कीं, जोडीदारानें धीर सोडला तर रुग्णानें कोणाकडे पाहावें? हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. परंतु आमच्या मतें येथें दोन गोष्टींची गल्लत होते. भीति न लपविणें निराळें आणि तिचा भार टाकणें निराळें. वर्षानुवर्षें एकत्र संसार केलेल्या माणसापासून चेहऱ्यावरची भीति लपत नाहीं. बंद होते ती फक्त तिच्याविषयीं बोलण्याची वाट. मग रुग्ण जोडीदारास जपण्यासाठीं गप्प, जोडीदार रुग्णास जपण्यासाठीं गप्प, आणि एका छपराखालीं दोघेंहि एकटीं! म्हणून 'मलाहि भीति वाटते' एवढें वाक्य दोघांत एकदां तरी उच्चारलें जावें. मात्र मध्यरात्रीं उठून बसल्यावर मनांत येणारीं चित्रें, म्हणजे मुलांचें काय होईल, पैसा कोठून येईल, म्हातारपण एकट्यानें कसें काढावें, हीं रुग्णाच्याच पुढ्यांत मांडणें निर्दयपणाचें होईल. तें ओझें घराबाहेर न्यावें. बाहेर उतरवून ठेवलेलें ओझें घरांत रुग्णावर पडत नाहीं. त्यांत प्रतारणा कसली?

पण बाहेर म्हणजे कोणाकडे? आप्तेष्टांकडे गेल्यास 'कांहीं होणार नाहीं हो' हें उत्तर तयार असतें. बोलणाऱ्याचा हेतु चांगला असतो, परंतु त्या वाक्यानें संभाषणाचें दार लागतें. अशा मंडळींकडे सांत्वन मागण्यापेक्षां काम मागावें: तपासणीच्या दिवशीं बरोबर बसणें, एखाद्या वेळचा डबा, मुलांना शाळेंतून आणणें. हें मागितल्यास बहुतेक माणसें आनंदानें करतात. भीति मात्र अशा माणसापाशीं बोलावी कीं ज्यानें तिचा अनुभव घेतला आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढच्या वर्षीं दोराबजींनीं त्यांच्या नांवें त्या रोगाच्या संशोधनासाठीं निधि ठेवला व तेहि त्याच वर्षीं वारले. त्यांच्या मागें त्यांच्या विश्वस्तनिधीनें परळास उभारलेलें टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. एका पतीच्या शोकाचा उपयोग अशा रीतीनें असंख्य घरांस झाला. परंतु उपचारांच्या जोडीला ऐकून घेणारीं माणसेंहि हवीं असतात. मुंबईंत १९९४ सालीं, स्वतः कर्करोगांतून उठलेल्या वंदना गुप्ता यांनीं व्ही केअर फाउंडेशन ही संस्था काढली. त्याच वाटेनें गेलेले स्वयंसेवक तेथें रुग्णांशीं व त्यांच्या आप्तांशीं बोलतात. असा मनुष्य 'कांहीं होणार नाहीं' असें म्हणत नाहीं. 'निकालाची वाट पाहण्याचे दिवस आम्हांसहि कठीण गेले,' एवढेंच तो म्हणतो, आणि तेवढ्यानें ऐकणाऱ्याचा श्वास मोकळा होतो.

रोग उलटला आहे कीं नाहीं, हें ठरविणें ना रुग्णाच्या हातीं, ना जोडीदाराच्या. परंतु निकाल येईपर्यंतचे दिवस दोघांनीं मिळून काढावयाचे कीं एकमेकांपासून लपून काढावयाचे, हें मात्र त्यांच्या हातीं आहे. आधार मागणारा जोडीदार आपल्या कर्तव्यांत उणा पडतो असें आम्हांस वाटत नाहीं. वाट किती लांब आहे हें ठाऊक नसतां चालावयाचें असेल, तर मधून मधून विसांवा घेणें हाहि त्या कर्तव्याचाच भाग होय.