वानगी

सियागंजात माल डोळ्यांनी घेत नाहीत, हातांनी घेतात. इंदूरच्या स्टेशनाजवळच्या या घाऊक बाजारात आमच्या काकांचं किराण्याचं दुकान आहे, आणि लहानपणापासून मी त्यांचा उजवा हात पोत्याबाहेर फार थोडा वेळ पाहिला आहे. हळकुंड आलं की ते दोन हातांत धरून मोडायचं. टक्कन आवाज झाला तर वाळलेलं, नुसतं वाकलं तर अजून ओल आहे. मिरी तळहातावर चोळायची, खोबऱ्यावर नख ओढायचं, वेलदोडा सोलून आतले दाणे हुंगायचे. पोतं शिवलेलं असेल तर परखी. ही लोखंडाची टोकदार पन्हळ पोत्यात खुपसली की मूठभर माल घरंगळत हातावर येतो. परखी काढल्यावर तागात भोक राहतं. काका त्यावर अंगठ्याचं नख दोन-तीनदा घासतात, ताग सरकतो आणि भोक मिटतं. मग शोधूनही सापडत नाही.

हातावर आलेल्या त्या मुठीला वानगी म्हणायचं. गिऱ्हाईक ती बघतं, चार दाणे तोंडात टाकतं, उरलेले कधी पोत्यात परत जातात, बहुतेक वेळा खिशात किंवा ओट्यावर. त्याबद्दल कोणी ब्र काढत नाही. मूठभर मालाचा हिशेब मागणारा व्यापारी सियागंजात टिकायचा नाही.

तर हा हात घेऊन काका अडुसष्टाव्या वर्षी मालवणला आले. त्या हाताच्या अनामिकेत पोवळ्याची अंगठी, आजीने मंगळासाठी घातलेली.

जानेवारीचे दिवस होते. आम्ही सहा जण होतो. काका-काकू, त्यांची मुलगी, आम्ही नवरा-बायको आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगा. अवंतिका एक्सप्रेसने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ आणि पुढे एसटी. समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसत होता आणि त्याच्या आसपासच्या खडकांवर पाण्याखाली पोवळ्यांची वस्ती आहे, नळीतून श्वास घेत ती वरून पाहता येते, एवढं मला ठाऊक होतं. धक्क्यावर दोन प्रकारच्या होड्या होत्या. एकीत वीस माणसं बसत होती, भाव कमी होता आणि माशांना घालायला पावाचा पुडा वर फुकट. दुसरीवाला तिशीचा मुलगा फक्त सहा जण घेत होता आणि पैसे चांगलेच जास्त सांगत होता. काकांनी सवयीने घासाघीस सुरू केली. सातवा माणूस आणतो, मग भाव उतरव, म्हणाले.

“सहाच घेतंय, काका. सातवो नाय. माका सहा जणांचेच हात दिसतत.”

त्याला काय म्हणायचं होतं ते तेव्हा आम्हाला कळलं नाही. पण भावावरून न हलणाऱ्या माणसाबद्दल काकांना आदर असतो. त्यांनी पैसे मोजून दिले.

तो रापणकाराचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराचा मुलगा होता. इथल्या 29 चौरस किलोमीटर समुद्राला 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर केलं, तेव्हा मासेमारी बंद होईल या भीतीने मच्छीमारांनी मोठा विरोध केला होता. त्याचे वडील आजही ते नाव काढलं की चिडतात, असं त्याने होडी हाकता हाकता सांगितलं. वडिलांची बाजूही त्याने नीट मांडली, मला ते आवडलं. पोट समुद्रावर असलेल्या माणसाला न विचारता समुद्राभोवती रेघ ओढली की असंच होतं.

किल्ल्याच्या आडोशाला, जिथे लाट मोडून शांत होते, तिथे त्याने होडी आधीच पाण्यात सोडलेल्या तरंगत्या पिंपाला बांधली. नांगर टाकला नाही. मग सूचना दिल्या. मुखवट्याच्या काचेवर आतून थुंका आणि खळबळून टाका, म्हणजे वाफ धरत नाही. श्वास तोंडानेच. एका हाताने माझी ट्यूब धरा, दुसरा छातीशी. “आणि पाय खाली सोडू नकात. उभे रवू नकात. काय्येक उचलू नकात.”

पाण्यात तोंड घातल्यावर सगळ्यात आधी जाणवतो तो आवाज. तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा, सगळीकडून. खडकांतल्या बारक्या कोळंब्या आपली नांगी आपटतात त्याचा तो आवाज, हे नंतर कळलं. पाणी अंदमानच्या चित्रात असतं तसं नितळ नव्हतं. आठ-दहा हातांपलीकडे हिरवं धूसर. पण तेवढ्यात जे दिसलं ते आमच्या घरात कोणी कधी पाहिलेलं नव्हतं. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा आमच्याकडे ढुंकूनही न बघता गेला. खाली गोल गोल ढेपा होत्या, काही तपकिरी, काही शेवाळी. एक तर अगदी जवळ, हाताच्या अंतरावर. तिच्या अंगावर खसखशीच्या दाण्याएवढी भोकं, एकाला एक लागून, अशी की सुई टोचायला जागा नाही. मी मान वळवून काकांकडे पाहिलं. त्यांचा हात निघाला होता. चिमूट तयार होती, तीच, मिरीची. लाल अंगठी पाण्यात काळसर दिसत होती.

बोटं टेकायच्या आत त्या होडीवाल्या मुलाने मनगट धरलं.

होडीत आल्यावर काका नाराज होते. “अरे बाबा, मी काय तोडत होतो का? हात लावून बघत होतो. हात लावल्याशिवाय काय कळतं?”

“तुमका कळात, काका. पण तां मरात.”

मग त्याने नीट समजावलं. ती ढेप म्हणजे दगड नाही. प्रत्येक भोकात एक मऊ जीव बसलेला असतो आणि तो पाण्यातला चुना घेऊन आपल्याखाली घर बांधत जातो. पिढ्यान् पिढ्यांच्या घरांची मिळून ती ढेप होते. जिवंत असतो तो फक्त वरचा पापुद्रा, दुधावरच्या सायीएवढा. त्यावर चिकट ओलसर लेप असतो, तो त्याचं रक्षण करतो. बोट फिरलं की लेप निघतो, साय फाटते, जखमेत रोग शिरतो, नाहीतर शेवाळ बसतं. गोल वाढणारी पोवळी वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, काही त्याहून कमी. आणि हे प्राणी आज तसेही धडधाकट नाहीत. त्यांच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्यांना अन्न आणि रंग देतं. समुद्र काही आठवडे नेहमीपेक्षा एखाद-दुसरा अंश जास्त तापला की ते शेवाळ बाहेर पडतं आणि पोवळं पांढरंफटक होतं. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर एकाच वेळी चाललेलं असं चौथं विरंजन जाहीर केलं. तापाने फणफणलेल्या माणसाला आपण चिमटा काढून बघत नाही. समुद्राचा ताप आपल्या एकट्याच्या हाताने उतरणार नाही, हे खरं आहे. पण चिमटा न काढणं तर आपल्याच हातात आहे.

काकांचं समाधान झालं नव्हतं. एका बोटाने असं काय होणार, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर तसाच होता. त्या मुलाने वाद घातला नाही. होडी सोडली आणि थोडं पलीकडे, उथळ जागी नेली. “आता बघा,” म्हणाला.

आम्ही पुन्हा तोंड पाण्यात घातलं. तिथेही ढेपा होत्या, आकार तेच. पण करड्या, गुळगुळीत, वर शेवाळाची लव. भोकं बुजलेली. मासे नव्हते. आणि ती मोहरीची तडतडसुद्धा इथे विरळ होती.

“कोणी तोडली?” काकांनी वर आल्या आल्या विचारलं.

“कोणीच नाय. हय उथळ आसा ना, पाय टेकतत. लोक फोटोक उभे रवत. जो तो एकदाच उभो रवलो, काका. एकदाच.”

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. टॉवेल खांद्यावर घेऊन बसून राहिले. अंगठी बोटातल्या बोटात फिरवत होते. मग माझ्याकडे बघून एकच शब्द म्हणाले, “वानगी.”

आणि परतीच्या वाटेवर त्यांनी ती गोष्ट सांगितली. दहा वर्षांचे असताना आजोबांनी त्यांना दिवसभर ओट्यावर शेंगदाण्याच्या एका पोत्याशी बसवलं होतं. हे पोतं विकायचं नाही, फक्त दाखवायचं. जो मूठ घेईल त्याच्या नावाने पाटीवर एक रेघ. संध्याकाळी पाटीवर एकेचाळीस रेघा होत्या आणि पोतं सव्वादोन किलो कमी भरलं होतं. दहा वर्षांच्या काकांनी विचारलं, चोर कोण? आजोबा म्हणाले, “चोर असता तर पहिल्याच मुठीला धरला असता.”

“दुकानात मी ती घट धरतो,” काका म्हणाले. “नवीन पोतं येतं, भागतं. इथे नवीन पोतं कोण पाठवणार?”

दुपारी किल्ल्यात गेलो. 1664 साली पाया घातलेला आणि 1667 साली पुरा झालेला हा किल्ला, आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये हे. तटावरच्या घुमटीत महाराजांच्या हाताचा चुन्यात उमटलेला ठसा आहे. काका त्यापुढे खूप वेळ उभे होते, दोन्ही हात जोडून.

रात्री खोलीत वास यायला लागला. मासळीचा नव्हे, तसाच पण जास्त उग्र. शोधता शोधता तो मुलाच्या बॅगेपर्यंत गेला. मोज्यात गुंडाळलेला पोवळ्याचा तुकडा निघाला. त्या करड्या उथळ जागी त्याने पाय टेकून तो उचलला होता, वर्गात दाखवायला. बायको रागावली, मी रागावलो. मुलगा रडायला लागला. “मी एकच घेतला,” म्हणाला. “आणि तो मेलेलाच होता.”

काकांनी तुकडा तळहातावर घेतला, हात खालीवर केला. “दीडशे ग्रॅम,” म्हणाले. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. मग मुलाला जवळ बसवलं. “हो रे, एकच घेतलास. सगळे एकच घेतात.” आवाजात राग नव्हता, म्हणून की काय, पोराचं रडणं थांबलं.

सकाळी आमची बस साडेदहाची होती. साडेसहाला काका नातवाला घेऊन धक्क्यावर गेले, मी मागून. तो होडीवाला मुलगा होडीतलं पाणी उपसत होता. काकांनी तुकडा नातवाच्याच हातून त्याला देवविला. त्याने उलटा-सुलटा करून पाहिला. पोवळं, जिवंत असो की मेलेलं, नेणं गुन्हा आहे, 2001 पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात वाघाच्या बरोबरीने आहे, हे त्याने सांगितलं, पण धाक घालून नाही. मेलेल्याचंही काम संपलेलं नसतं, म्हणाला. त्याच्या भेगांत खेकडे-कोळंब्या राहतात, आणि नवीन पोवळ्याच्या पिल्लाला चिकटायला असाच टणक चुना लागतो.

“ह्याचं वय किती?” मुलाने विचारलं.

होडीवाल्याने तुकड्यावर वीत अर्धी टेकवली. “वाढाक नऊ-दहा वर्षां लागली असतली.”

मुलगा काही बोलला नाही. पहिल्या फेरीबरोबर तो तुकडा परत गेला. आम्ही तो जाताना पाहिला.

इंदूरला आल्यावर काकूंच्या ओळखीच्या ज्योतिषाने मुलाची पत्रिका पाहिली आणि त्यालाही पोवळं घालायला सांगितलं. अंगठीतलं लाल पोवळं भूमध्य समुद्रातून येतं, त्याचं खोड वर्षाला मिलिमीटरभरही जाड होत नाही, हे काकांनी एव्हाना वाचून काढलं होतं. आजीने घातलेली अंगठी त्यांच्या बोटात आहे, ती त्यांनी काढली नाही. पण नातवासाठी दुसरी घडवायची नाही, असं त्यांनी काकूंना स्पष्ट सांगितलं. काकू दोन दिवस घुश्शात होत्या.

पुढच्या शनिवारी शाळेला सुट्टी होती. काकांनी शेंगदाण्याचं एक पोतं ओट्यावर काढून ठेवलं, तोंड सोडलं, शेजारी मुलाला बसवलं आणि त्याच्या हातात वही दिली. गिऱ्हाईकं येत होती, पोराच्या गालाला हात लावत होती, मूठ घेत होती. संध्याकाळी वहीत चौतीस रेघा होत्या. पोतं काट्यावर चढवलं. सकाळी 50 किलो होतं, ते 48 किलो 300 ग्रॅम भरलं.