गणवेश आणि विवेक

रणांगण जिंकणे ही एक विद्या आहे आणि जिंकलेल्या प्रदेशाचा संसार पुन्हा मांडून देणे ही दुसरी. ठाणी घेण्यात निष्णात असलेल्या सेनापतीस धान्याची वाटणी किंवा महसुलाची दफ्तरे यांचे ज्ञान असेलच असे नाही. म्हणून वैद्य, स्थापत्यविशारद, न्यायाधीश यांस राखीव दलात घ्यावे व प्रसंगी गणवेश चढवून पाठवावे, ही कल्पना निघाली. १९४३ साली सिसिलीत दोस्त राष्ट्रांनी लष्करी शासन उभारले ते याच गरजेपोटी. अमेरिकेत असे काम आजही बहुतांशी राखीव दलाकडेच असते. कल्पना सोयीची खरी; परंतु अशा तज्ज्ञाची निष्ठा कोणाशी, हा प्रश्न सोयीने सुटत नाही.

मराठवाड्यास हा प्रश्न परका नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली पोलीस कारवाई निजामाच्या शरणागतीने १७ तारखेस संपली आणि फुलंब्रीसकट सारा मुलूख जनरल चौधरी यांच्या लष्करी अमलाखाली आला. त्यांच्या जोडीला मुख्य मुलकी प्रशासक म्हणून डी. एस. बखले हे सनदी अधिकारी आले; शेजारच्या प्रांतांतूनही अंमलदार आले. ते राखीव सैनिक नव्हते, तथापि त्यांची नैतिक अवस्था तीच होती: अधिकार लष्कराचा, ज्ञान मुलकी. दफ्तर उर्दूत, रयतेची भाषा मराठी; अशा स्थितीत कारभार चालवावयाचा होता. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या, हे या राजवटीचे मोठे कार्य होय.

परंतु याच काळाची दुसरी बाजूही आहे. रझाकारांच्या जुलुमानंतर मुसलमान रयतेवर जो सूड उगवला गेला, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. मृतांचा आकडा तिने किमान २७ ते ४० हजार मानला. काही ठिकाणी गणवेशधारींचाही हात असल्याचे नमूद केले. तो अहवाल कित्येक दशके अप्रसिद्ध राहिला. सत्तेस ज्ञान हवे असते, परंतु सोयीचे तेवढेच.

कोणी म्हणेल, धुमश्चक्रीत हुकूम एकाचाच चालला पाहिजे. प्रत्येक आज्ञेवर वाद घालणारा पंडित काय कामाचा? आक्षेप रास्त आहे, पण त्याला मर्यादा आहे. कोठे जावे व केव्हा जावे हे सेनापतीने सांगावे; विहिरीचे पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे मात्र वैद्यानेच सांगावे. कृतीत आज्ञापालन आणि निवेदनात सत्य, अशी ही वाटणी आहे. ती मोडली की तज्ज्ञ हा केवळ सुशिक्षित शिपाई उरतो, आणि शिपाई तर सैन्याजवळ आधीच पुष्कळ असतात.

शिवाय ज्यांच्यासाठी पूल बांधावयाचा त्यांस विचारल्याविना बांधलेला पूल हा उपकार ठरेल, न्याय ठरणार नाही. राखीव तज्ज्ञ निवडताना त्याची पदवी पाहावी, हे उघडच आहे. परंतु वरिष्ठांस न रुचणारे सत्य तो लेखी देईल काय, हे त्याआधी पाहावे.