क्षमेची मर्यादा आणि सदोष वाहनाची भरपाई

नव्या वाहनात तोच तो बिघाड पुन्हा पुन्हा उद्भवत असेल आणि दुरुस्तीची पुरेशी संधी देऊनही तो दूर होत नसेल, तर निर्मात्याने वाहन परत घेऊन पैसे द्यावेत किंवा दुसरे वाहन द्यावे, असे सांगणारे जे कायदे अमेरिकेतील राज्यांनी केले आहेत, त्यांना तेथे 'लेमन लॉ' म्हणतात. अमेरिकी बोलीत 'लेमन' म्हणजे वरून ठाकठीक दिसणारी, पण मुळातच खोट असलेली वस्तू. असा पहिला कायदा कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये केला, त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने आपल्या १९७० च्या ग्राहक-हमी कायद्याला तशी जोड दिली, आणि पुढे या ना त्या स्वरूपात ही तरतूद सर्व राज्यांत आली. या कायद्यांचा विचार बहुधा ग्राहकहक्क आणि बाजारव्यवस्था यांच्या अंगाने होतो. त्यांच्या मुळाशी मात्र एक जुना धर्मप्रश्न आहे: ज्याचे नुकसान झाले त्याने ते सोसून क्षमा करावी की भरपाई मागावी, आणि मागितली तर त्या मागणीत न्याय किती आणि लोभ किंवा सूड किती, हे कशावरून ठरवावे?

यावरचे सर्वांत सोपे उत्तर प्रारब्धाचे आहे. महाराष्ट्रात दसऱ्याला वाहनाला हार घालून त्याची पूजा होते, नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून ती पहिल्यांदा रस्त्यावर आणली जाते, आणि एवढे करूनही गाडी महिन्यातून दोनदा सर्व्हिस सेंटरला जाऊ लागली, तर 'आमच्या नशिबालाच अशी गाडी आली' असे म्हणून विषय संपवला जातो. पूजेला आक्षेप घेण्याचे काही कारण नाही. आक्षेप आहे तो प्रारब्धाच्या या वापराला, कारण कर्मसिद्धान्त दुःख वाट्याला का आले याचे स्पष्टीकरण देतो, पण ते ज्याच्या हातून आले त्याची जबाबदारी पुसून टाकत नाही. तशी ती पुसली जात असती तर ज्या स्मृतिकारांनी कर्मविपाकाची, म्हणजे कर्मांची फळे कशी भोगावी लागतात याची, चर्चा केली, त्यांनीच 'व्यवहार' म्हणजे दावे आणि न्यायदान हा विषय इतक्या बारकाईने मांडला नसता. एका चाकावर जसा रथ चालत नाही तसे प्रयत्नावाचून दैवही फळत नाही, असे याज्ञवल्क्यस्मृतीचा पहिला अध्याय सांगतो, आणि तिचा दुसरा अध्याय संपूर्णपणे व्यवहारालाच दिलेला आहे.

क्षमेच्या बाजूने येणारा आक्षेप इतक्या सहजासहजी निकालात निघत नाही. बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, बंधूला न्यायासनापुढे खेचण्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असा प्रश्न पौलाने आपल्या मंडळीला विचारला आहे. आणि महाभारताच्या वनपर्वात युधिष्ठिराची भूमिका हीच आहे, की प्रत्येकाने अपकाराला अपकाराने उत्तर दिले तर लोकस्थिती टिकणारच नाही. तथापि त्याच प्रसंगी द्रौपदी त्याला प्रल्हाद आणि त्याचा नातू बळी यांचा संवाद ऐकवते, आणि प्रस्तुत प्रश्नावर त्या संवादाइतका नेमका विचार अन्यत्र क्वचितच सापडेल. सदैव तेज बरे नव्हे आणि सदैव क्षमाही बरी नव्हे, असे सांगून प्रल्हाद क्षमेचे काळ नेमून देतो: ज्याने पूर्वी उपकार केले आहेत त्याला क्षमा करावी, ज्याच्या हातून अजाणता चूक घडली त्याला क्षमा करावी, पण ती खरोखरच अजाणता घडली की नाही याची नीट पारख करावी, पहिला अपराध तर कोणाचाही पोटात घालावा, मात्र तोच मनुष्य पुन्हा चुकला तर अपराध लहान असला तरी तो दंडाला पात्र ठरतो.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील गृहीतक, म्हणजे अमुक गोष्टी सिद्ध झाल्या की विरुद्ध पुरावा येईपर्यंत वाहन सदोषच मानावे असा नियम, या संवादाशेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे. वाहन मिळाल्यापासून १८ महिने किंवा १८,००० मैल, यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्या मुदतीत, एकाच दोषासाठी चार किंवा अधिक वेळा दुरुस्तीचा प्रयत्न झाला असेल, अथवा दुरुस्तीपायी वाहन एकूण ३० दिवसांहून अधिक काळ बंद राहिले असेल, तर हे गृहीतक लागू होते. दोष जीवघेणा ठरू शकणारा असेल तर दोनच प्रयत्न पुरतात. येथे कायद्याने क्षमा नाकारलेली नाही, तिला माप घालून दिले आहे, आणि ते मापही धोक्याच्या प्रमाणात आखडते ठेवले आहे. जो ग्राहक पहिल्याच बिघाडाला पैसे परत मागतो तो अधीर ठरतो. चौथ्या खेपेला मागणारा तसा ठरत नाही, कारण मधल्या तीन खेपांत त्याने क्षमाच केलेली असते, आणि सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डांवर तिची तारीखवार नोंदही असते. क्षमेची लेखी नोंद ठेवणे हे भाविक मनाला खटकेल; परंतु प्रल्हादाने सांगितलेली पारख नोंदीवाचून करणार कशी?

यापेक्षा कठीण मुद्दा असा की, क्षमा करायची ती कोणाला? क्षमा ही पश्चात्ताप होऊ शकणाऱ्या मनाला उद्देशून असते, आणि हजारो भागधारक, शेकडो पुरवठादार व स्वयंचलित जोडणी यांतून तयार झालेल्या यंत्रामागे असे एक मन दाखवता येत नाही. शिवाय क्षमा ज्याची त्याने आपल्यापुरती करायची असते. ब्रेक निकामी होणाऱ्या गाडीचा दोष मालकाने मुकाट्याने सोसला, तर तो आपल्याबरोबर रस्त्यावरच्या पादचाऱ्यांच्या वतीनेही क्षमा करतो, आणि तसा अधिकार त्याला कोणी दिलेला नसतो. म्हणूनच या कायद्यांनी अपराधी मनाचा शोध बाजूला ठेवून, तोटा कोणी सोसावा एवढाच प्रश्न पुढे घेतला आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने हाच भेद केला होता: दोष ठाऊक नसताना वस्तू विकणाऱ्याला पाप लागत नाही, पण दोष कळून आला की भरपाईचे बंधन त्याच्यावर येतेच. पाप आणि देणे या दोन गोष्टी अशा वेगळ्या केल्या की मागणाऱ्याच्या मनातील कडवटपणाही पुष्कळ ओसरतो, कारण समोरच्याला दुष्ट ठरवण्याची गरजच उरत नाही.

भारतीय धर्मशास्त्राने या विषयाला स्वतंत्र व्यवहारपद, म्हणजे दाव्याचे स्वतंत्र शीर्षक, दिले होते. 'क्रीतानुशय' म्हणजे खरेदी केल्यावर होणारा पस्तावा. मनूने सरसकट दहा दिवसांत व्यवहार फिरवण्याची मुभा दिली, तर नारद आणि याज्ञवल्क्य यांनी वस्तूनुसार पारखण्याच्या मुदती ठरवल्या: दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझे वाहणाऱ्या किंवा गाडी ओढणाऱ्या जनावराला पाच, रत्नांना सात, बियाण्यांना दहा. (याच यादीत दास-दासींच्या परीक्षेचेही दिवस दिलेले आहेत, हे विसरून या ग्रंथांना आधुनिक ग्राहककायद्याचे पूर्वज म्हणून मिरवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.) लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, नारदाच्या मते वस्तू त्याच दिवशी जशीच्या तशी परत केली तर पूर्ण किंमत मिळते, दुसऱ्या दिवशी केली तर किमतीचा तिसावा भाग कापला जातो आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. मागणारा लोभी आहे की नाही, हे ठरवण्याची ही व्यावहारिक कसोटी आहे: जेवढा उपभोग घेतला तेवढे सोडायला तो तयार आहे का? कॅलिफोर्नियातही पहिल्या तक्रारीपूर्वी वाहन जितके मैल चालले त्याला १,२०,००० ने भागून येणारा किमतीचा हिस्सा परताव्यातून वजा होतो. चाळीस हजार डॉलरच्या गाडीबाबत पहिली तक्रार १२,००० मैलांनंतर आली, तर दहावा भाग, म्हणजे चार हजार डॉलर, कमी मिळतात. चांगला माल दाखवून सदोष माल हाती देणाऱ्याकडून नारद खरेदीदाराला दुप्पट किंमत देववतो आणि तेवढाच दंड राजाला. कॅलिफोर्नियात निर्मात्याने जाणूनबुजून जबाबदारी टाळली, तर नुकसानीच्या दुपटीपर्यंत जादा दंड ग्राहकाला मिळू शकतो. या ठिकाणी अपराधी मनाचा प्रश्न परत येतो, आणि तो यावाच. फक्त तो परताव्याची अट म्हणून येत नाही.

भारतात वाहनांसाठी असा वेगळा कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, दोषाची तज्ज्ञ तपासणी मागता येते आणि उत्पादकाचे दायित्वही आता त्यात स्वतंत्रपणे आले आहे. परंतु दुरुस्तीच्या प्रयत्नांची संख्या किंवा वाहन बंद राहिल्याचे दिवस ठरवून देणारे गृहीतक नसल्याने, दोष मूळ उत्पादनातलाच आहे हे सिद्ध करण्याचा भार बव्हंशी तक्रारदारावर राहतो. २००६ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचेच वचन असेल तर अख्खे वाहन बदलून देण्याचा आदेश टिकत नाही. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ ऐवजी २००९ चे, आधीच चालवलेले वाहन विकले गेले होते; त्या प्रकरणात २०२१ मध्ये न्यायालयाने डीलरच्या कृत्याबद्दल निर्मात्याला जबाबदार धरले नाही, कारण दोघांचा व्यवहार स्वतंत्र व्यापाऱ्यांसारखा होता. कराराच्या चौकटीत हे निर्णय समजण्यासारखे आहेत. पण प्रल्हादाच्या भाषेत बोलायचे तर येथे क्षमेला मापच उरत नाही, कितव्या खेपेनंतर ग्राहकाने थांबायचे हे त्याला कोणी सांगत नाही, आणि तशी क्षमा नाइलाजाचे दुसरे नाव होते.

आतापर्यंत धर्माचा प्रश्न विक्रेत्याला विचारला गेला. तो खरेदीदारालाही लागू आहे, आणि भरपाईच्या चर्चेत नेमकी हीच बाजू दुर्लक्षित राहते. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात सिसेरो या रोमन विचारवंताने एक घर विकणारा सज्जन उभा केला आहे, ज्याच्या घराचे दोष त्याच्याखेरीज कोणालाच माहीत नाहीत. विक्रेत्याने ते सांगितलेच पाहिजेत, असे अँटिपेटर हा स्टोइक तत्त्वज्ञ म्हणतो. कायद्याने सांगायला लावले तेवढेच सांगावे, असे त्याचा गुरू, बाबिलोनचा डायोजिनीस, म्हणतो. आणि सिसेरो स्वतः अँटिपेटरच्या बाजूने कौल देतो. सदोष गाडीबद्दल निर्मात्याकडून रोख रक्कम घेऊन, गाडी मात्र स्वतःकडेच ठेवण्याची तडजोड करणारा ग्राहक याच सज्जनाच्या जागी येऊन पोहोचतो, कारण त्या गाडीची खोट आता कागदोपत्री त्याला ठाऊक असते आणि पुढच्या खरेदीदाराला नसते. निर्मात्याने परत घेतलेल्या वाहनाच्या मालकीपत्रावर तसा शिक्का मारणे आणि दरवाजाच्या चौकटीवर तशी पट्टी लावणे कॅलिफोर्नियात बंधनकारक आहे. घरातच राहिलेल्या गाडीवर असा शिक्का बसत नाही, आणि ती दोन वर्षांनी विकायला काढताना काय सांगायचे हे त्या मालकालाच ठरवावे लागते.